गुळाचा पातळ हात

“आजोबा, हॅमवर गूळ कसा चढवायचा?”

दर नाताळाला हाच छळ. कृती पाहिजे तर फोनमध्ये बघा ना! पण नाही, म्हाताऱ्याचंच डोकं खायचं. ऐका मग. मध्ये कुणी बोलायचं नाही.

मी पाव भाजणारा माणूस. शाळा दुसरीत सुटली. गावात भट्टी एकच, माझी. नाताळाच्या सकाळी पाव निघाले की उरलेल्या धगीत फादर कैतानची मांडी जायची. म्हणजे तुमचा हॅम: डुकराची, मिठात मुरवलेली, आदल्या दिवशी उकडलेली. ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्यांना फादर त्या दिवशी जेवू घालायचे.

त्या वर्षी फादरचे हात थरथरायला लागले होते. ते चर्चचं स्वयंपाकघर कुणाच्या तरी हाती देणार होते, आणि बस्त्यावला ते पाहिजे होतं. बस्त्याव बोटीवर स्वयंपाकी होता. ताठा काय विचारता!

“गूळ, मोसंबीचा रस, चिमूटभर मोहरी. आटवलं की झालं. यात शिकायचं काय, फादर?”

“काही नाही… लाव.”

बस्त्यावने अख्खं पातेलं मांडीवर ओतलं आणि ती भट्टीत ढकलली. असा ओतलेला गूळ करपणार, हे मला दिसत होतं. पण मला कोण विचारतो?

थोड्याच वेळात करपट धूर आला. मांडी बाहेर काढली, तर नुसतं डांबर.

बस्त्याव माझ्यावरच उखडला. “ही भट्टी आहे की नरक? इनास, पाव सोडून काही भाजता येतं का रे तुला, गाढवा?”

बाहेर बाकावर म्हातारे ताटं घेऊन बसलेले.

फादरनी सुरीने काळा थर खरवडला. गूळ पुन्हा आटवला. कोंबडीच्या पिसांचा कुंचला बस्त्यावच्या हाती दिला.

“पातळ हात मार. भट्टीत घाल. सुकला की दुसरा.”

“सुकला हे कसं कळणार?”

“एका हाताला एक नाव. ज्याचे उपकार आहेत त्याचं. तो माणूस नीट आठवायचा. आठवून होईस्तो हात सुकतो.”

बस्त्याव हसला. “माझ्यावर कुणाचे उपकार नाहीत, फादर. जे केलं ते मीच केलं.”

“मग एकच हात मार. तुझ्या नावाचा.”

मारला. मांडी बाहेर आली ती फिकट.

बाकावरून कार्मेल म्हातारी ओरडली, “काय रे बस्त्याव, मांडीला कावीळ झाली काय?”

सगळे हसले. बस्त्यावने कुंचला पुन्हा गुळात बुडवला.

“आई.”

मांडी आत गेली, बाहेर आली.

“बोटीवरचा कासम. त्याने मला सुरी धरायला शिकवली.”

परत आत.

“सातान काकी. तिने हे डुक्कर पोसलं.”

पुढची नावं मला ऐकू आली नाहीत. भिंतीकडे तोंड करून घेत होता. मांडी आधी तांबूस झाली, मग काचेसारखी चमकायला लागली.

“झाली, फादर?”

“अजून एक हात.”

“कुणाचा?”

फादरनी बस्त्यावच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि माझ्या राखेने भरलेल्या मुठीत दिला.

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू? त्या जेवणासाठी माझ्या हाती शेणी-लाकडाशिवाय कुणी काही दिलं नव्हतं. मी कैतान म्हणालो आणि हात मारला. दुसरं कुणाचं नाव घेणार? आजही पहिला पाव त्यांच्याच नावाने काढतो.

मांडी ताटात उतरली. बस्त्यावने हळूच विचारलं, “फादर… स्वयंपाकघर?”

“स्वयंपाकघर तुझं. भट्टी मात्र इनासकडे मागावी लागेल.”

भट्टी तो दर नाताळाला मागतो. मला गाढव म्हटल्याची माफी तेवढी मागायची राहिली आहे, बस्त्यावने.