शिंपल्याचा मोर

फार पूर्वी, म्हणजे कोंबड्यांनासुद्धा आरवायची घाई नसायची तेव्हा, एका गावात गिटार बनवणारा एक मिस्त्री राहायचा. गावातली सगळी घाई त्या एकट्याच्याच वाट्याला आली होती! हात सोन्याचे, पण स्वभाव म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

एकदा त्याने अशी गिटार घडवली, की नुसती टिचकी मारली तरी लाकूड गुणगुणायचं. पंचक्रोशीत गाजलेल्या एका गायिकेसाठी होती ती. तिची जुनी गिटार वाजवून वाजवून पार झिजली होती, भोक पडायचंच बाकी होतं. संध्याकाळी जत्रेत नवी वाजणार, सगळं गाव ऐकणार! मिस्त्रीचा पाय जमिनीवर ठरेना.

राहिलं होतं फक्त पिकगार्ड. म्हणजे गिटारच्या तोंडाखाली चिकटवायची पातळ पट्टी, नखीने तारा छेडताना लाकडावर ओरखडे उठू नयेत म्हणून. कुणी शिंगाची लावतं, कुणी लाकडाची. आपल्या मिस्त्रीने शिंपल्याचा मोर कापला होता. काय तो पिसारा! हिरवा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर गुलाबी!

तेवढ्यात गायिका दारात आली. "मिस्त्रीदादा, पट्टी लावायच्या आधी एक सांगायचं होतं..."

"या या ताई! आधी चहा घ्या!"

"ते काय आहे, माझा हात..."

"भाजला? बशीत ओता, बशीत!"

"अहो, तसं नाही..."

"सरस गरम आहे, ताई. आता बोलायचं नाही, नुसतं बघायचं!" असं म्हणत त्याने मोर चिकटवलासुद्धा.

सरस सुकला, तारा चढल्या. मिस्त्रीने मोठ्या ऐटीत गिटार तिच्या हातात दिली. तिने ती घेतली आणि सरळ उलटी फिरवली. बाई डावखुरी! मोर गेला वर, पाय आभाळाकडे करून शीर्षासनात. आणि नखी जिथे पडणार, तिथे कोरं लाकूड.

"अरे देवा! आधी सांगायचं नाही का?"

"सांगायला तोंड उघडलं की तुम्ही त्यात चहा ओतत होतात!"

मिस्त्रीने सुरीने मोराचं एक टोक उचलून पाहिलं. त्याबरोबर लाकडाचा पापुद्रा उठायला लागला. त्याने ते टोक तसंच परत दाबून बसवलं. बाहेर जत्रेचे ढोल घुमायला लागले होते. 'आजच्या दिवस चालवून घ्या,' हे अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आजचा एक दिवस म्हणजे नव्या लाकडाला जन्माचे ओरखडे. गायिका गिटार कवटाळून उभी होती.

मिस्त्रीने सुरी खाली ठेवली. "चुकलो, ताई. लोक हात दाखवून अवलक्षण करतात, मी हात न बघताच करून घेतलं. आता मी गप्प. तुम्ही वाजवा."

त्याने तारा उलट्या चढवल्या आणि लाकडावर तांदळाची पिठी भुरभुरली. गायिका वाजवू लागली. हात जिथे घासेल, तिथली पिठी उडायची. आणि गंमत बघा, तिचा हात नेहमीच्या जागी पडतच नव्हता, चांगला चार बोटं मागे पडत होता! मिस्त्रीने बरोबर तेवढाच भाग आखला, शिंगाची साधी पातळ पट्टी कापली आणि अलगद बसवली.

मग जत्रेत काय धमाल उडाली म्हणता! माणसं जागेवर बसेनात, पोरं नाचायला लागली, टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. नखी सपासप फिरली, पण लाकडावर एक ओरखडा नाही! दोन पट्ट्यांच्या भाराने आवाज मात्र अंमळ दबला होता. ते कळलं एकट्या मिस्त्रीला, आणि ती टोचणी त्याला जन्मभर पुरली.

गर्दीतून एक पैलवान पुढे आला. "मिस्त्री, मलाही एक पाहिजे! पट्टीवर वाघ काढा!"

मिस्त्रीने जवळची एक जुनी गिटार त्याच्यापुढे धरली. "वाघाचं मागाहून बघू, पैलवान. आधी तुम्ही वाजवा, मी बघतो."

तात्पर्य काय म्हणाल, तर ज्याच्यासाठी करायचं त्याचं आधी ऐकावं. आपली हौस कितीही देखणी असली, तरी ती त्याच्या कामाला येईलच असं नाही.