म्हाळसेचा वाफा

सांभाळून या. बांधावर पाय आपटू नका, आणि तो कोपऱ्यातला वाफा दिसतोय ना, त्याच्या कडेला उतरू नका. फोटो काढा खुशाल, पण इथूनच. त्या वाफ्याशेजारी दांडा मातीत रोवून फळी आकाशाकडे केलेली आहे, बघा. मीठ ओढायची फळी ती. ती अशी उलटी रोवली की त्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. पलीकडे छत्रीखाली बसलेली बाई राखणदार नाही. तिचं मागाहून सांगतो.

मघाशी ताई, तुम्ही विचारलंत, समुद्राचं मीठ खरंच वेगळं असतं का. शहरातून येणारा प्रत्येकजण मला हेच विचारतो, आणि खरं उत्तर दिलं की तोंड पाडतो. मीठ येतं कुठून, ते तर समोरच आहे. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे त्या लाकडी झडपेतून, आत घ्यायचं. मोठ्या तळ्यात ते उन्हाने आटतं, मग या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरत दाट होतं आणि शेवटच्या वाफ्यात तळाशी दाणा धरतं. ऊन, वारा आणि तळ तुडवून घट्ट करणारे आमचे पाय, एवढंच भांडवल. दुकानातलं पाकीटही बरेचदा असंच कुठल्यातरी समुद्राचं, फक्त धुऊन, दळून, आयोडीन घालून आलेलं. आमच्या घरी भाजीत तेच पडतं, आरोग्य केंद्रातल्या बाईंनी तशी तंबीच दिलीय. आमचा खडा मोठा, थोडा ओलसर, मातीची किंचित चव असलेला. सुक्या मासळीला आणि लोणच्याला आम्हाला तोच लागतो. पण मीठ म्हणून विचाराल तर मीठ ते मीठ. हे आमच्या दिवखार गावाला सहजासहजी कळलेलं नाही. एका सुनेला घराबाहेर काढायला निघालो होतो, तेव्हा कळलं.

थांबा जरा. तो ढग मघाशी डोंगराच्या मागे होता ना? पुढे सरकलाय का? नाही, तिथेच आहे बहुतेक. वैशाखात ढग दिसला की आम्ही हातातलं काम टाकून वर बघतो. एक सर पडली की पिकलेलं मीठ पुन्हा पाणी होतं. तुम्ही ऐका, मी मधूनमधून वर बघेन, तिकडे लक्ष देऊ नका.

तर फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा हे आगर, म्हणजे हे सगळं मिठागर, बायमा नावाची एक बाई चालवायची, असं सांगतात. नवरा लवकर गेलेला, पोशा नावाचा एकच मुलगा. बांध फुटला तर गावाच्या आधी बायमा चिखलात उतरलेली असायची म्हणे. तोंडाने फटकळ, कामाला वाघ, आणि बूड टेकून बसणं तिला ठाऊकच नव्हतं. जेवायचीसुद्धा उभ्याने. ती म्हणायची, आपल्या मिठात दर्याचं सत्त्व आहे, घाटावरचं सैंधव म्हणजे नुसता दगड. डोळे मिटून जिभेवर दाणा ठेवला तरी आपल्या आगराचा कोणता ते मी सांगेन, अशी तिची बढाई होती. गावालाही ते पटायचं. आपल्या मालाची फुशारकी कोणाला आवडत नाही?

पोशा दरवर्षी मिठाचे बैल घेऊन घाट चढायचा. तिथल्या एका कोरड्या गावातली म्हाळसा नावाची मुलगी त्याला आवडली आणि तो लग्न करूनच खाली आला. म्हाळसेने समुद्र कधी पाहिला नव्हता. निघताना तिच्या आईने पदराच्या गाठीत सैंधवाचा एक खडा बांधून दिला, उपासाला लागेल म्हणून. उपास राहिले बाजूला. आईची आठवण आली की ती तो खडा नुसता जिभेला लावायची आणि परत गाठ मारायची, असं सांगतात.

त्या काळी इथे एक रीत होती. हंगाम सुरू होताना गेल्या वर्षीचं मूठभर मीठ नव्या पाण्यात टाकायचं, दुधाला विरजण लावतो तसं. म्हाळसा आली त्याच्या आदल्या हंगामात मात्र अवकाळी पाऊस झाला होता आणि बायमाच्या घरात विरजणापुरतंही मीठ उरलं नव्हतं. शेजारी मागायला जाणारी ती बाई नव्हे. तिने पाणी तसंच वाफ्यात घेतलं आणि घरी येऊन मिठाचं रिकामं मडकं पुन्हा पुन्हा झाडत राहिली. म्हाळसेला ते बघवेना. घरात मीठ नाही असं कुठे आहे, आपल्या पदरात आहे की, असा विचार करून तिने गाठ सोडली आणि आईचा खडा या कोपऱ्यातल्या वाफ्यात सोडून दिला. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

आणि त्या वर्षी मीठ धरेना.

उन्हाळा चढला तरी वाफ्यांत पाणी ते पाणीच. गेल्या वर्षीचा धसका होताच, त्यामुळे सगळं गाव बांधावर येरझाऱ्या घालत होतं. जो तो पाण्यात हात घालून तळ चाचपतोय. बायमाचं तर विचारूच नका. सकाळी फळी फिरवायची, जेवण झालं की फिरवायची, उन्हं उतरली की परत. दाणा धरला का, आता तरी धरला का. तिची ती तगमग बघून म्हाळसा एकदा धीर द्यायला म्हणाली, "आत्याबाई, जिवाला घोर लावून घेऊ नगा. म्या माझा सैंधवाचा खडा टाकलाय विरजणाला. धरंल मीठ."

बायमाने हातातली फळी फेकली म्हणे. "घाटावरचा दगर टाकलास माजे आगरान?" ती ओरडली, ती पार पाड्यापर्यंत ऐकू गेली.

गाव जमलं. परक्या मिठाने आगर बाटलं, म्हणून दर्याने दाणा द्यायचं थांबवलं, असं ठरायला वेळ लागला नाही. वाईट दिवसांत कोणाचं तरी नाव घ्यायला मिळालं की माणसांना जरा बरं वाटतं. बायमाने निवाडा दिला, "तुजा दगर येचून घे, नि जा तुजे मायेरा." दाणा धरला की त्यातून आपला विरघळलेला खडा वेचून काढायचा, आणि तो निघाला की नवऱ्याचं घर सुटलं. निघाला नाही तर बांधावरच बसून राहायचं, उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आणि पाणी हललं तर तिचं मीठ आणखी पसरेल, म्हणून बायमाने स्वतःच्या हाताने फळी उलटी करून बांधावर रोवली. या वाफ्याला आता कोणी शिवायचं नाही, मीसुद्धा नाही, असं तिने सांगितलं.

म्हाळसा बसली. इथेच, याच कोपऱ्यात. ऊन असं की बांधावर अनवाणी पाय ठरत नाही. पोशा भाकरी आणून ठेवायचा आणि मान खाली घालून परत जायचा. मला त्या पोशाचा राग येतो. एवढी गोष्ट सांगतो मी, पण त्याच्यासाठी चांगला शब्द अजून मला सापडलेला नाही. बाकीच्या वाफ्यांत फळ्या फिरत होत्या, हात बुडत होते, शिव्याशाप चालले होते. ती एकटी पाण्याकडे बघत होती. तिला काही करण्यासारखं नव्हतंच. आईची शेवटची वस्तू त्या पाण्यात होती आणि ती दिसत नव्हती.

मग एका दुपारी पाण्यावर दुधावर साय यावी तशी खपली आली. ती जडावली, बुडाली, पुन्हा नवी आली. तळाशी पांढरा थर दिसू लागला. बाकी सगळं आगर गढूळ, आणि हा एकटा वाफा पांढराशुभ्र. त्यात म्हाळसेची काही जादू नव्हती, बरं का. या पाण्याला कोणी डिवचलं नाही, एवढंच झालं होतं. बाकीच्या वाफ्यांत दाणा धरायला बघत होता आणि दरवेळी कोणाची तरी फळी तो मोडत होती. आता हे आम्ही शहाणपणाने सांगतो. तेव्हा ते ध्यानात आलं फक्त बायमाच्या, आणि तेही मागाहून.

बायमा धावत आली, मागून गाव. म्हाळसा वाफ्यात उतरली, ओंजळभर मीठ घेतलं आणि सासूपुढे धरलं. "ह्यातलं माझं कंचं, तुमीच दावा," म्हणाली. बायमाने एक दाणा जिभेवर ठेवला. मग दुसरा. मग ओंजळीच्या तळातला, मग कडेचा. डोळे मिटून ओळखीन म्हणणारी बाई, डोळे उघडून उभी राहिली. मागून गावातल्या जाणत्यांनी चाखून पाहिलं. त्यांनाही ओळखता येईना.

तेव्हा म्हाळसा म्हणाली, "आत्याबाई, माझं मीठ घेऊन जायचं तर मला समदं आगरच न्यावं लागंल. न्हेऊ का?"

बायमा मटकन बांधावर बसली. तिला बसलेलं गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, असं सांगतात. मग ती म्हणाली, "मी पन खारीचे पल्यारशी आलेली. माजा मीठ कोनी ईचारला नाय." तीही खाडीपलीकडच्या गावातून सून म्हणूनच आली होती. आणि तिने तिथेच, हातात मीठ घेऊन, आण घेतली. या गावात सून येईल ती माहेरचं मीठ घेऊन येईल आणि ते या वाफ्यात पडेल. आणि ते धरेपर्यंत बांधावर बसायचं ते सुनेने नाही, सासूने. फळी उलटी करून. पाण्याला हात लावायचा नाही आणि सुनेच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. चूल सुनेची, तिने शिजवलेलं निमूट खायचं. फार हाताळल्याने काय मोडतं, ते सासूने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

आजही दिवखारात हे चालतं. मीठ आता कुठलंही येतं. मागे एका सुनेने दुकानातलं बंद पाकीटच आणलं, माहेरी तेच खातो म्हणाली. सगळे हसले, पण टाकलं. ते धरल्यावर निघालेलं मीठ घरोघर चिमूटचिमूट वाटतात. कोणाच्या माहेरचं, असं विचारायचं नाही.

ती छत्रीखाली बसलीय ना, ती चांगुणा. आमची बायको. आयुष्यात तिला एवढी गप्प मी पाहिलेली नाही, आणि खरं सांगतो, मला ते सोसत नाही. म्हणून तर तुमच्यासारख्यांना घेऊन दिवसभर बांधावर फिरतोय. धाकट्याने राजस्थानातली मुलगी केली, सुगना तिचं नाव. दोघं एकाच कंपनीत कामाला, सध्या रजा काढून इथे आलेत. तिने रुमालात सांभरचं मीठ बांधून आणलं. तिथे समुद्र नाही, खाऱ्या पाण्याचं तळं आहे म्हणे. चांगुणा म्हणाली, तळ्याचं मीठ माझ्या आगरात नको. तिची भाषा कळत नाही, तिचं मीठ कळत नाही, मला काहीच कळत नाही, म्हणून रडली. घरात नुसती भांडी आदळत होती. मी समजावायला गेलो आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. मग एका सकाळी बघतो तर अंगणातली फळी जागेवर नाही. हिने आपणहून आणून इथे रोवली होती. सुनेला हाक मारून म्हणाली, टाक.

त्याला बरेच दिवस झाले. यंदा ऊन म्हणावं तसं नाही आणि हा ढग रोज येऊन बसतो. मीठ धरलं नाही म्हणून आता कोणी कोणाला घराबाहेर काढणार नाही, ते मला कळतं. तरी जीव थाऱ्यावर नाही. चांगुणा तिथून उठेल तेव्हा सुनेला काय म्हणून हाक मारेल, एवढंच मनात आहे माझ्या.

ती बघा, सुगना येतेय डबा घेऊन. बांधावर चालायला शिकली हळूहळू, आधी दर दोन पावलांना घसरायची. आता डबा ठेवेल आणि परत फिरेल, रोज असंच होतं.

थांबा. थांबा जरा.

चांगुणाने छत्री सरकवली. अर्धी सावली मोकळी केली. बसली बघा ती सून तिच्या शेजारी.

नाही, फोटो नको आता. चला, आपण इकडूनच मागे फिरू. पाय हळू टाका, पाणी हलायला नको.