पाकोळीचा लगाम

फार जुन्या काळची ही गोष्ट. घाटात तेव्हा रस्ता नव्हता. जिथे घोड्याचा पाय पडेल तीच वाट. त्या घाटाच्या पायथ्याच्या एका गावात एक सुईण राहत होती. डोंगरावरच्या सगळ्या वाड्यावस्त्यांची बाळंतपणं तीच करी, म्हणून लहानथोर तिला आत्या म्हणत.

आत्याची एक घोडी होती, पाकोळी नावाची. पाकोळी जन्मली आणि तिची आई गेली. आत्याने ते ओलं शिंगरू आपल्या लुगड्याने कोरडं केलं, अंगाशी धरून तगवलं, शेळीच्या दुधावर वाढवलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. पाकोळीचे लाड जरा जास्तच होतात, असं गाव म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं.

पाकोळी मोठी झाली, तेव्हा एका वर्षी पावसाळा सरल्यावर तिला पहिल्यांदा लगाम चढवला. तिचं तोंड फार हळवं, तरी सुरुवातीला तिने तो निमूट घेतला. मग थंडी पडली आणि घोडीचं बिनसलं. पहाटे कुठून बोलावणं यावं, आत्याने अंगणातल्या खुंटीवरचा लगाम काढावा, आणि लगामाची तोंडात बसवायची लोखंडी कडी ओठांना लागताच पाकोळीने दात आवळून मान झटकावी, हे रोजचंच झालं.

आत्या लोहाराकडे गेली. त्याने बारीक कडी करून दिली, मग मधोमध सांधा असलेली दिली. घोडीने दोन्ही नाकारल्या. शेवटी त्याने एक जाड कडी घासून घासून गुळगुळीत केली आणि म्हणाला, "आत्या, याच्यापेक्षा मऊ लोखंड काही माझ्याच्यानं व्हायचं नाही."

पाकोळीने तीही नाकारली. आत्याने कडीला गूळ लावून पाहिला, गोंजारून पाहिलं. एकदा रागाच्या भरात चापटही मारली, आणि मग दिवसभर तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

एक दिवस गावचे पाटील आले. "आत्या, घोडी आडमुठी निघाली. येत्या बाजाराला मिठाचे व्यापारी येतील, त्यांना देऊन टाक. त्यांच्याकडं काटेरी लगाम असतात, ते हिला वठणीवर आणतील. तुला मी खेचर देतो. उद्या एखादी लेक अडली आन् तू पोचली नाहीस, तर काय करायचं?"

पाटलांचं म्हणणं रास्त होतं. आत्या नाही म्हणू शकली नाही, पण काटेरी लगाम हे शब्द ऐकल्यापासून तिला घास गिळवेना.

बाजाराच्या आदल्या दिवशी पहाटेच वरच्या वाडीहून बोलावणं आलं. पाकोळीने तोंड उघडलं नाही ते नाहीच. आत्या चरफडत पायीच घाट चढली. धापा टाकत घरात शिरली आणि आल्या आल्या तिने पहिलटकरणीच्या पोटाला हात लावला. त्यासरशी पोरीने दात आवळले, मान फिरवली आणि अंग चोरून ती मागे सरली.

"आत्या, हात किती गार पडलेत गं तुझे."

आत्या थबकली. हात शेकल्याशिवाय तिने आजवर कुठल्याच बाळंतिणीला शिवलं नव्हतं. आज घाईत विसरली. ती शेगडीपाशी बसून हात शेकू लागली आणि तिचे डोळे भरून आले. हे आवळलेले दात, ही फिरवलेली मान ती रोज पहाटे बघत होती. रात्रभर दवात लटकलेलं लोखंड ती एका हळव्या तोंडात कोंबत आली होती.

"चुकलं गं बाई माझं," ती म्हणाली. पोरीला वाटलं, आपल्यालाच म्हणते आहे.

मग ऊबदार हातांनी तिने पोरीला सोडवलं. दुपारपर्यंत मुलगी झाली, दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाटील व्यापाऱ्याला घेऊन दारात आले. आत्या ओसरीवर बसली होती, पदराखाली पोटाशी काहीतरी धरून.

"आण आत्या घोडी."

"थांबा जरा पाटील. अजून गार आहे."

"काय गार आहे?"

आत्याने पदर आणखी आवळून घेतला. थोड्या वेळाने तिने पदराखालून लोहाराची ती जाड कडी काढली, स्वतःच्या ओठांना लावून पाहिली आणि पाकोळीजवळ गेली. पाकोळीने सवयीने दात आवळले. आत्याने घाई केली नाही. घोडीने लोखंड हुंगलं, ओठांनी चाचपलं, क्षणभर थांबली. मग तिने हळूच तोंड उघडलं आणि कडी आपसूक जागेवर बसली.

व्यापाऱ्याने हातात काढून धरलेला काटेरी लगाम पिशवीत परत टाकला.

"लोहारानं नवी कडी केली काय?" पाटलांनी विचारलं.

"कडी तीच आहे," घोडीच्या मानेवर गाल टेकत आत्या म्हणाली. "ऊब माझ्याकडं होती, ती द्यायचीच राहून गेली होती."

त्या दिवसापासून लगामाची खुंटी अंगणातून चुलीजवळ आली, आणि पाकोळी म्हातारी होईपर्यंत घाटावरची एकही लेक आत्याची वाट बघत ताटकळली नाही.

तात्पर्य: मुका जीव नाही म्हणतो, तेव्हा त्याला हट्टी ठरवण्याआधी आपला हात गार तर नाही ना, हे पाहावं.