राउटरनं कुणाला विचारून उठावं

“...तर मग बुवा, याला पहिल्यांदा कसं उठवू? कचेरीतून, की याच्याच पोटातून?”

यशोधननं नवा राउटर ओट्यावर ठेवला. मठाला लागून दवाखाना आहे, त्याचं नेट आणि फोन यावर चालणार होते. विचारत होता खरा, पण उत्तर घरूनच ठरवून आला होता. मी मठातलाच, ओळखतो ना त्याला!

सखारामबुवांनी चष्मा पुसला. मठात यायच्या आधी तीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढल्या. यशोधन त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि चार बुकं जास्त वाचल्यावर त्यांनाच शिकवू लागला.

“फरक काय?”

“कचेरीतून म्हणजे, चालू झाला की हा आधी शहरातल्या आमच्या कचेरीला विचारणार, मी कोण, माझं काम काय. उत्तर आलं की कामाला लागणार. पोटातून म्हणजे ते सगळं यातच साठवायचं. पण मग इथलं कुणीही त्यात हात घालणार. माझ्या हातात काय राहिलं?”

“आधीचा कसा उठायचा?”

“कचेरीतून,” यशोधन म्हणाला.

दारात नर्स शकूताई उभी होती. तिनं मान फिरवली.

गेल्या श्रावणात, तो आधीचा राउटर असताना, दरड कोसळली. शहराची तार तुटली, वीज गेली आणि परत आली. डोंगरावर मोबाइल लागत नाही, पण टॉवरवरून तालुक्याच्या डॉक्टरांशी बोलायची सोय शाबूत होती. अगदी शाबूत! ती चालू करायची राउटरनं, आणि तो बसला तुटलेल्या तारेवरून शहराला स्वतःचं नाव विचारत. आत दवाखान्यात पायथ्याची सुगंधा बाळंतपणात अडलेली. डॉक्टरांशी बोलणं झालंच नाही. ती गेली, बाळही गेलं.

“दरडीला मी काय करणार, बुवा? आता कचेरीत दोन यंत्रं बसवलीत. एक नाही तर दुसरं उत्तर देईल.”

बुवा उठले. शहराची तार त्यांनी खोबणीतून काढून हातात धरली.

“कर चालू. कचेरीतून.”

यशोधननं बटण दाबलं. पिवळा दिवा लुकलुकू लागला. लुकलुकतच राहिला.

“बुवा, तार लावा की.”

“बस.”

“किती वेळ?”

बुवांनी शकूताईकडे पाहिलं.

“सव्वादोन तास,” ती म्हणाली.

आम्ही बसलो. जेवणाची घंटा झाली, कुणी हललं नाही. यशोधन आधी घड्याळ बघत होता, मग ते बघणंही त्यानं सोडलं.

“शकूताई... तुम्ही तेव्हा काय करत होता?”

“या दिव्याकडे बघत होते. सुगंधा सारखी विचारायची, लागला का फोन. मी म्हणायचे, लागतोय गं, लागतोय.”

मला तर ऐकवेना.

वेळ भरली. यशोधननं राउटर मांडीवर घेतला, सगळं त्याच्याच पोटात साठवलं. पासवर्ड कागदावर लिहून शकूताईच्या हातात दिला. तार अजून बुवांकडेच होती. बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत दिवा हिरवा झाला. शकूताईनं तालुक्याला फोन लावला. डॉक्टर बोलले.

“आता हा कुणासाठी थांबणार नाही,” यशोधन म्हणाला. “झालं ना, बुवा? आता तरी झालं ना?”

“सुगंधाचा नवरा पायथ्याशी राहतो. येताना भेटला?”

“मी मागच्या वाटेनं आलो.”

बुवांनी तार त्याच्या हातात ठेवली.

“उजेड आहे तोवर उतर.”