निमगावचा नवस

कबड्डीचा हंगाम तोंडावर आला आणि वडाळीच्या संघाचे अध्यक्ष दाजीसाहेब यांनी चढाईला आपल्या भाच्याचं नाव घातलं. भाचा दोन चढायांतच धापा टाकायचा. पतियाळ्याहून शिकून आलेल्या प्रशिक्षक मृदुलाला मात्र चपळ गेनूच हवा होता.

भर बैठकीत दाजीसाहेबांनी मिशीला पीळ देत विचारलं, "काय मॅडम, यंदा निमगाव टिकतंय का आमच्यापुढं?"

"निमगावकरांनी तर देवीला नवस बोललाय, दाजीसाहेब."

"आम्ही हरावं म्हणून?"

"छे! तुमच्या भाच्याचा पाय मुरगळू नये म्हणून."

सारी बैठक खो खो हसली. दाजीसाहेबांनी यादी पुढे ओढली आणि भाच्याचं नाव खोडून गेनूचं लिहिलं.

"त्यांचा नवस आपण कशाला फळू द्यायचा?" ते गुरगुरले.