नाव घालणारे यंत्र आणि बटाट्यांची पिशवी

एकदा एक तरुण कारागीर स्वतः बनवलेले यंत्र घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे घाम पुसत आला. यंत्रविद्या तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. गावातल्या भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी मुलीचे लग्न होते आणि रुखवतातल्या प्रत्येक भांड्यावर तिचे नाव घालायचे होते. हे काम आपले यंत्र करील, असे शिष्य बोलून बसला होता. व्यापाऱ्याने शांतपणे सांगितले होते, की नाव सरळ आले तर दुकानाचे काम कायमचे तुझे. वाकडे आले तर पुन्हा पायरी चढू नकोस.

शिष्याने बाजारातली सर्वांत दांडगी स्टेपर मोटर आणली होती. ही मोटर पावलापावलाने फिरते आणि प्रत्येक पावलासाठी तिला ड्रायव्हर नावाची छोटी पाटी वीज पुरवते. मोटरीतच बहुतेक पैसे संपल्यामुळे ड्रायव्हर मात्र अगदी स्वस्तातला घेतला होता.

त्याने यंत्र चालू करून दाखवले. मोटर गुरगुरली, थरथरली आणि पावले चुकू लागली. कळशीवर 'वनमाला' हे नाव काठाशी सुरू झाले ते घसरत पोटापर्यंत गेले.

यापेक्षाही मोठी मोटर मागवावी काय, असे शिष्याने विचारले. गुरुजी स्वयंपाकघरात गेले आणि बटाटे घेऊन आले. त्यांनी मोटर सोडवून बाजूला ठेवली. नाव टोचणारी सुई धरणाऱ्या सरकत्या गाड्याला दोरी बांधून ती टेबलाच्या कडेवरून खाली सोडली, टोकाला पिशवी अडकवली आणि तीत एकेक बटाटा टाकू लागले. गुरुजींचे वय झाले, असे शिष्याला क्षणभर वाटून गेले.

"आज भाजी आम्ही खायची की तुमच्या यंत्राने?" आतून गुरुपत्नींनी विचारले.

एवढ्यात मोजक्याच बटाट्यांच्या वजनाने गाडा सुळकन सरकला. शिष्य बघतच राहिला.

"पत्र्यावर टोचे कोण मारतं?" गुरुजींनी विचारले.

"सुई, गुरुजी. तिची वीज वेगळी आहे."

"मग मोटरीने काय करायचं?"

"सुईला फिरवायचं," शिष्य हळूच म्हणाला.

"बाळ, सुईचे कष्ट तू मोटरीच्या अंगावर घातलेस. म्हणून पैलवान आणलास आणि त्याला वाढायला बसवलीस चिमणी. उपाशी पैलवानापेक्षा पोटभर जेवलेलं पोर नीट पावलं टाकतं. आधी ओझं मोजावं. निघताना जोर जास्त लागतो, म्हणून ते दुप्पट धरावं. तेवढ्यापुरता हमाल आणावा आणि त्याची भूक भागवील असा वाढपी बघावा. एवढं केलंस की स्वस्तातलंही चांगलं मिळतं."

शिष्याने दांडगी मोटर दुकानदाराला परत केली. त्याच पैशांत एक लहान मोटर आली आणि तिला पुरून उरेल असा ड्रायव्हरही आला.

ठरल्या दिवशी व्यापाऱ्याने स्वतः तांब्या यंत्रात ठेवला. नाव ओळीत, एका रेषेत उमटले. त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला, मग वाकून यंत्राच्या पोटात पाहिले आणि त्याचा चेहरा जरा पडला.

"एवढीशी मोटर? हिच्यात ताकद ती किती असणार?"

थोड्या दिवसांपूर्वी शिष्याला या प्रश्नाची लाज वाटली असती. आता त्याने पुढची कळशी उचलून यंत्रात बसवली.

"कामापुरती," तो म्हणाला.