बारीक अक्षरातलं शेवटचं पान

कराडला निवृत्त परिचारिकांचा मेळावा भरला होता. एका नव्या सौरऊर्जा कंपनीचे शेअर्स लवकरच विक्रीला येणार होते. कंपनीच्या देवस्थळीसाहेबांनी गुळगुळीत पुस्तिका वाटल्या आणि पहिलं पान माइकवर वाचलं, "पाच वर्षांत पैसे तिप्पट!" बायकांनी लगेच अर्ज भरायला घेतले. कुणाची सगळी ग्रॅच्युइटी त्यात जाणार होती.

तेव्हा कुसुमताई कुंभोजे उठल्या. औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"साहेब, शेवटचं पानही वाचा ना. अक्षर फार बारीक आहे हो."

साहेबांनी ऐटीत वाचलं, "कारखाना अद्याप उभा राहिलेला नाही. गुंतवलेली सर्व रक्कम बुडू शकते." मग ते हसले. "अहो बाई, हे कायद्यासाठी लिहावं लागतं. तुम्ही पहिल्या पानावर विश्वास ठेवा!"

"पहिलं पान तुम्ही हौसेनं लिहिलंत, शेवटचं कायद्याच्या धाकानं," कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. "यातलं खरं कुठलं, ते तुम्हीच सांगा."

सभागृहात पेनांची टोपणं लागल्याचे आवाज तेवढे येत राहिले.